लाल दिव्याची शिस्त

ऐन मे महिना, दुपारचा एक वाजलेला. चंद्रपुरात अशा वेळी कुत्रंही नालीतून उठत नाही. पण शकुबाईंनी डोक्यावर ओला पंचा घेतला, ऊन लागू नये म्हणून पिशवीत कांदा टाकला आणि निघाल्या. काम साधंच होतं. शेजारच्या खोलीतल्या दिव्यानीला निरोप द्यायचा होता.

दिव्यानी मूळची चामोर्शीची. इथे एका डिजिटल क्रिएटिव्ह एजन्सीत कामाला. "काकू, मोबाईलवर जाहिराती येतात ना, त्या आम्ही बनवतो," असं तिनं पहिल्या दिवशीच समजावलं होतं. समजावलं म्हणजे, शकुबाईंनी खोदून खोदून विचारलं होतं. पोरगी कधी येते, कधी जाते, कुकरच्या शिट्ट्या किती होतात, सगळं त्यांना ठाऊक. गल्लीतले लोक त्याला चोंबडेपणा म्हणत. शकुबाई म्हणत, लक्ष ठेवणं. आणि त्यांच्या लक्षात आलं होतं, की काल सकाळी लावलेलं कुलूप अजून तसंच आहे. दुधाची पिशवी कडीला लटकून नासून गेली आहे.

त्यात साडेबाराला दिव्यानीच्या आईचा फोन आला. गडचिरोलीच्या दवाखान्यातून.

"शकुबाई, दिव्यानी फोन नाई उचलून राह्यली हो कालपासून. तिच्या बाबाचं आतडीचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणते संध्याकाळच्या आत झालं पाहिजे. अन् हे हट्टाले पेटले... पोरगी दिसल्याशिवाय कोणाले हात लावू देणार नाई म्हणते."

गडचिरोलीला तीनची बस होती. ती चुकली तर पुढचं बोलायलाही नको.

एजन्सी बाजारातल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होती. खाली खताचं दुकान, उन्हामुळे शटर अर्धं ओढलेलं. जिना चढताना शकुबाईंना दोनदा थांबावं लागलं. वर काचेचं दार. दार ढकललं आणि त्यांच्या अंगावर काटा आला.

आत काळोख होता. खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला. आणि थंडी... एसीची म्हणावी तर तशी नव्हती. बर्फाच्या कारखान्यात उभं राहावं तशी. वास कोंदट. शिळ्या मॅगीचा, न धुतलेल्या मोज्यांचा, आणि त्याखाली ओल्या राखेसारखा आणखी कसलातरी.

आठ पोरं ओळीनं बसलेली. कोणी मान वर केली नाही. आठही स्क्रीनवर एकच चित्र होतं. पिवळं, गोल, मधोमध काळं. शकुबाई जवळ गेल्या तेव्हा त्यांना कळलं, तो वाघाचा डोळा आहे.

"दिव्यानी?"

पोरीनं सावकाश वळून पाहिलं. ओठ सुकलेले, डोळ्यांखाली काजळी.

"काकू? एवढ्या सकाळी?"

"सकाळी? अवो माय, एक वाजून गेला दुपारचा!"

"हळू बोला ना..." दिव्यानीनं कोपऱ्यातल्या केबिनकडे बोट केलं. बंद दारावर लाल दिवा जळत होता. "सर आहेत आत."

"असू दे ना. तुझ्या बाबाचं ऑपरेशन आहे. तीनची गाडी धरायची आहे. ऊठ."

दिव्यानीचे डोळे भरून आले. तिनं टेबलाची कड घट्ट धरली, पण उठली नाही.

"लाल दिवा चालू असला की उठायचं नसते, काकू."

पलीकडच्या रोशननं कुजबुजत सांगितलं, की ही एजन्सीची पद्धतच आहे. सकाळी आलं की सगळ्यांचे मोबाईल दाराजवळच्या डब्यात टाकायचे, म्हणजे कामात लक्ष राहतं. आणि सरांच्या दारावर लाल दिवा असेपर्यंत कोणी जागा सोडायची नाही. मागे एकजण ताप आहे म्हणून उठून गेला. दुसऱ्या दिवशी त्याची खुर्चीच नव्हती.

"जंगल रिसॉर्टची जाहिरात आहे," रोशन म्हणाला. "काल सकाळपासून बदल सांगून राह्यले. वाघ मोठा करा, वाघ मोठा करा. आता डोळाच मावते फक्त."

"पुढं बुबुळच उरन," शेजारचा कैफ पुटपुटला. कोणी हसलं नाही.

तेवढ्यात भिंतीवरच्या छोट्या स्पीकरमधून आवाज आला. शांत, गोड, घाई नसलेला.

"वाघ... थोडा अजून मोठा पाहिजे."

आठही हात एकदम हलले. शकुबाईंनी पाहिलं, दिव्यानीचाही हात गेला. रडत होती, पण हात चाललाच होता.

भिंतीवर रंगीत अक्षरांत लिहिलं होतं, 'आपण एक कुटुंब आहोत.' ते वाचून शकुबाईंचं डोकं फिरलं.

"कुटुंब म्हणे! कुटुंबात जेवलीस का म्हणून तरी विचारते कोणी."

आणि त्या सरळ केबिनकडे निघाल्या.

"काकू, नको..."

"बाई, दार वाजवायचीही परवानगी नाई," रोशनचा आवाज फाटला.

पण शकुबाईंना तिथली पद्धत कोण शिकवणार? गल्लीत कुणाचं दार त्यांनी विचारून उघडलं होतं? त्यांनी दाराच्या मुठीला हात घातला. मूठ इतकी गार होती की बोटं चिकटली. स्पीकर बोलला, या वेळी अगदी हळू.

"अजून... काम... झालं नाही..."

त्यांनी दार उघडलं.

आत कोणी नव्हतं.

खुर्ची भिंतीकडे तोंड करून होती. टेबलावर धूळ. चहाच्या कपात चहा वाळून काळा झालेला. बोलायचा माईक होता, पण त्याची वायर प्लगमधून निघून जमिनीवर लोळत होती.

"इथी तर कोणीच नाई," शकुबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. दाराशेजारी बटण दिसलं. त्यांनी ते दाबलं. लाल दिवा विझला.

बाहेर कोणीतरी खोल श्वास घेतला. मग आठही खुर्च्या एकदम सरकल्या.

रोशननं डब्यातून मोबाईल काढला, प्रवीण सरांना लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडून बँडचा दणदणाट आला.

"अरे रोशन, बोल ना. सिरोंच्याला आहे, साल्याच्या लग्नात. काल सकाळीच ग्रुपवर टाकलं ना, दोन दिवस सुट्टी घ्या म्हणून? कोणी वाचलं नाही का?"

कोण वाचणार? मोबाईल डब्यात होते. दिवा चालू होता म्हणून सगळे बसले, आणि दिवा कोणी लावला ते कोणीच विचारलं नव्हतं.

कैफनं खिडकीचा काळा कागद टरकन फाडला. ऊन आत घुसलं. एवढं रखरखीत ऊन, पण पोरं त्यात जाऊन उभी राहिली, हात पसरून, पावसात उभं राहावं तशी. कोणी हसत होतं, कोणी रडत होतं.

"काकू, तुम्हीच या आमच्या एचआर म्हणून," कैफ म्हणाला, आणि या वेळी सगळे हसले.

बस तीनची, तीन दहाला सुटली. शकुबाईंनी दिव्यानीला खिडकीत बसवलं, पोळीभाजीचा डबा दिला, पिशवीतला कांदाही दिला. बस हलताना पोरगी ओरडून म्हणाली, "काकू, मी नाई येत आता परत इथं कामाले!"

"नकोच येऊ!" शकुबाई तितक्याच मोठ्यानं ओरडल्या.

रात्री आठला दिव्यानीच्या आईचा फोन आला. ऑपरेशन झालं होतं. बाबा शुद्धीवर होते, पोरीचा हात धरून झोपले होते. शकुबाई देवापुढे बसल्या होत्या, त्या मटकन भिंतीला टेकल्या. दिवसभराचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. त्यांनी स्वतःसाठी चहा ठेवला आणि फोन कानाशीच धरून बोलत राहिल्या. आईलाही बोलायचं होतं. सुटका झाली की माणसाला बोलावंसं वाटतं.

"तिच्या ऑफिसचे साहेब मात्र भल्ले माणूस हो," आई म्हणाली. "दिव्यानी पोचायच्या आधीच आले होते दवाखान्यात. साडेतीनच्या सुमाराले. यांच्या खाटेजवळ बसले. पोरगी निघाली आहे, म्हणाले. तवा कुठं यांनी सही केली."

शकुबाईंनी गॅस बारीक केला.

"कोणते साहेब?"

"नाव नाई सांगितलं. एवढ्या उन्हात स्वेटर घालून होते. आवाज लय गोड. चहा नाई, पाणी नाई. जाताना तुमचंच विचारलं बघा."

"माझं?"

"हो ना. आमच्या केबिनचं दार कोणत्या बाईनं उघडलं, म्हणे. म्या सांगितलं, अशी हिंमत आमच्या शकुबाईचीच. पत्ताही लिहून दिला. म्हटलं, भला माणूस आहे, येऊन आभार मानन."