खऱ्या मापाचे फोटो

आमच्या विभागात एक नियम होता. फोटो भिंतीवर लागला की काढणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. बाकीच्यांनी बोलायचं, त्याने ऐकायचं. मला हा शुद्ध छळ वाटायचा, कारण माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. आई म्हणायची, ही जन्मली तेव्हा रडली नाही, भांडली.

विद्यापीठ एवढं अवाढव्य की रसायनशास्त्राच्या लोकांना आमचा विभाग आहे हेच ठाऊक नव्हतं. आम्ही त्यांच्या इमारतीच्या तळघरात होतो. तिथे दोन डार्करूम, एक स्टुडिओ, सतत वाहणारे नळ आणि कपड्यांतून न जाणारा आंबूस वास. छायाचित्रणात पदव्युत्तर पदवी घेतेय म्हटलं की लोक विचारायचे, लग्नाचे फोटो काढतेस का? मी हो म्हणायचे. वाद घालण्यापेक्षा ते बरं.

दुसऱ्या वर्षी एकच विषय घेऊन वर्षभर काम करायचं आणि शेवटी प्रदर्शन लावायचं. मला विषयच सापडत नव्हता. सर माझे फोटो बघून म्हणाले, "हात तयार आहे तुझा. पण हे सगळं लांबून काढलंय. तुला कशाचं काही वाटतं की नाही?"

त्याच सुमारास ताई माझ्या खोलीवर आली. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, असं मी थट्टेने म्हणणार होते, पण तिने डोक्यावरची ओढणी काढली आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. डावा गाल सुजून डोळा मिटला होता. खालचा ओठ फाटला होता.

"थोडे दिवस राहू का?" ती म्हणाली. "ह्या खेपेला परत नाही जायची."

भावोजींनी याआधीही हात उचलला होता, हे मला तिच्या लांब बाह्यांवरून कळायचं. ताईला पुन्हा कोणाचा हात लागू द्यायचा नाही, एवढंच मी त्या दिवशी ठरवलं. आणि खोटं कशाला बोलू, तिच्या गालावर औषध लावताना मला माझा विषयही मिळाला.

"फोटो काढू?" मी विचारलं. "दर आठवड्याला. बरी होत जाशील तसतसे."

"काढ. पुरावा तरी राहील."

मी विभागातला जुना लाकडी कॅमेरा वापरत असे, डोक्यावर काळं कापड घ्यावं लागतं तो. त्यात एका वेळी एकच फिल्म बसते, एका चपट्या होल्डरमध्ये. होल्डरच्या झाकणपट्टीची एक बाजू पांढरी, एक काळी. पांढरी बाहेर असली तर फिल्म कोरी. फोटो निघाला की पट्टी उलटी सरकवायची, म्हणजे काळी बाहेर येते. हे हाताच्या सवयीचं काम आहे. फिल्म मी लाल रंग न दिसणारी, निगेटिव्हऐवजी थेट सुलटं चित्र देणारी घेतली होती. ती लाल दिव्यात धुता येते, आणि कातडीवरची जरा जरी लाली असेल तर फोटोत ती काळी उमटते.

फोटो खऱ्या मापात छापायचे ठरवले. कागदावरचं डोकं ताईच्या डोक्याएवढंच. समोर उभं राहिलं की माणसासमोर उभं राहिल्यासारखं वाटलं पाहिजे.

ताई भराभर सुधारली. सूज उतरली, गाल निळा, मग हिरवट, मग पिवळा झाला. ती जेवू लागली, माझ्या पसाऱ्यावरून मला बोलू लागली. फोटोत मात्र तिचा गाल काळाच राहिला. नंतरच्या फोटोत जास्त काळा होता. मग तो काळेपणा जबड्यावरून खाली उतरला.

मी सरांना दाखवलं. ते भिंग लावून बघत राहिले.

"डोळ्याला दिसत नाही तेही ही फिल्म टिपते," ते म्हणाले. "कातडीखाली राहिलेलं असतं. घाबरू नकोस, हे चांगलं आहे."

चांगलं म्हणजे प्रदर्शनासाठी चांगलं. मलाही ते पटलं, कारण मला पटवून घ्यायचं होतं.

पुढच्या फोटोची फिल्म ट्रेमध्ये घातली तेव्हा आधी केस आले, मग डोळे. ताईचा गाल स्वच्छ होता. मी सुस्कारा सोडला आणि तेवढ्यात गळा आला. गळ्याभोवती एक पंजा उमटला होता. पंजा म्हणजे त्याचे वळ. एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला बोटं. मी ट्रे हलवायचा थांबवला, तरी ती बोटं गडद होत गेली.

त्याच आठवड्यात भिंतीवर फोटो लावायची माझी पाळी होती. मी गळ्याचा फोटो मध्यभागी लावला आणि नियमाप्रमाणे तोंडाला कुलूप घातलं. वर्गातला चष्मिस पुढे झाला. तो एरवी प्रत्येक फोटोला 'बरा आहे' म्हणायचा. आज त्याने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"हा डावा हात आहे," शेवटी तो म्हणाला. "अंगठा बघा कुठल्या बाजूला आहे."

सर जवळ गेले. "आणि ही तर्जनी पाहिलीत? पेरभर आखूड आहे. शेंडा नाहीच." ते माझ्याकडे वळले. "बोट तुटलेलं आहे का त्या माणसाचं?"

मला बोलायची मनाई होती. 

खोलीवर जाऊन ताईला फोटो दाखवला. ती आरशासमोर गेली, कॉलर उघडून हनुवटी वर केली. गळा कोरा होता. तिने बोटांनी दाबून पाहिलं.

"दुखत पण नाही," ती म्हणाली. "आणि गळा त्यांनी कधी धरला नाही. ते नेहमी उजव्याने मारतात. त्यांची पाचही बोटं शाबूत आहेत, मला विचार."

"मग हा कोणाचा हात?"

"मला काय विचारतेस? फोटो तू काढलास."

त्यानंतर ती झोपताना खोलीच्या दाराला खुर्ची लावू लागली. मीही तिला अडवलं नाही.

भावोजी आले ते भर दुपारी, स्टुडिओत. ताई दिव्यांसमोर स्टुलावर बसली होती, मी काळ्या कापडाखाली होते. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर उलट्या दिसणाऱ्या ताईशेजारी एक उलटा माणूस आला.

"घरी चल," तो अगदी हळू म्हणाला. "तमाशा नको."

ताई उठली नाही तसे त्याने तिचे केस धरले आणि तिला स्टुलासकट ओढलं. दिव्याचा खांब कोसळला, काचा फुटल्या. ताईचं डोकं फरशीवर आपटल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. मी भिंतीला टेकवलेला दुसरा ट्रायपॉड उचलला. तो जुना, सागवानी, पितळी टोकांचा होता. पहिला फटका त्याच्या खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर. नाकाचं हाड मोडलं ते मला लाकडातून हातात जाणवलं. तो खाली पडला. मी थांबले नाही. मारत राहिले, आणि मला ते आवडत होतं. इतकी वर्षं अंगात कोंडलेलं काहीतरी मोकळं होत होतं. त्याने तोंडावर हात घेतले तर मी हातांवर मारलं.

"बास," ताई ओरडत होती. "मरेल तो, बास कर."

मी ट्रायपॉड टाकला, त्याचा डावा पंजा ओढून घेतला आणि रक्त पुसून बोटं मोजली. पाचही धड होती.

सुरक्षारक्षकांनी त्याला उचललं. पोलीस आले, ताईने सगळं सांगितलं, माझं मारणं बचाव म्हणून लिहिलं गेलं, आणि तो दवाखान्यातून थेट कोठडीत गेला. म्हणजे खरं तर सगळं संपलं होतं. त्या दिवशी ताईला लागायच्या आधी काढलेली एक फिल्म मी धुतली. पंजा आधीपेक्षा गडद होता. त्यात नखांच्या खुणाही आल्या होत्या.

ताई दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलली. तिसऱ्या दिवशी तिने बॅग भरायला काढली.

"मावशीकडे जाते," ती म्हणाली. "आणि ते फोटो प्रदर्शनात लावू नकोस."

"अगं, तो आत आहे. आता कोणाची भीती?"

तिने हातातली घडी मोडून पुन्हा घातली.

"मारताना तुझं तोंड बघितलं मी," ती म्हणाली. "अगदी ह्यांच्यासारखं दिसत होतं."

मला इतका राग आला की कान बधिर झाले. हिच्यासाठी केलं आणि हीच मला म्हणते. मी वर्षभराच्या कामाचं काय, म्हणून भांडले, ती रडली, मग मीही रडले. शेवटी तिने एक शेवटचा फोटो कबूल केला. शुक्रवारी फोटो, मग संध्याकाळच्या गाडीने मावशीकडे.

गुरुवारी मी डार्करूममध्ये कागद कापत होते. कटरचं पातं लांब आणि जड असतं. डाव्या हाताने कागद दाबायचा, उजव्याने पातं आणायचं. हजारदा केलेलं काम. ताईचं वाक्य डोक्यात घोळत होतं, आणि मी पातं जोरात आणलं.

दुखलं नाही. लाल दिव्यात रक्त लाल दिसत नाही, पाण्यासारखं दिसतं. कागदावर पाणी सांडलंय असं वाटून मी ते पुसायला गेले, तर पुसण्याच्या जागी बोट आखूड होतं.

डाव्या हाताची तर्जनी. एक पेर.

दवाखान्यात टाके पडले, जाड पट्टी बांधली. डॉक्टर म्हणाले, नशीब, एकावरच भागलं.  ताईला सांगितलं, दारात चेमटलं.

शुक्रवारी सकाळी ती यायच्या आधी मी गळ्याचा फोटो स्टुडिओतल्या टेबलावर पसरला. खऱ्या मापाचा. त्यावर डावा हात ठेवला.

अंगठा अंगठ्यावर बसला. तीन बोटं तिन्हींवर. पट्टीतलं बोट जिथे संपलं, तिथेच वळ संपत होता.

ताई आली, दिव्यांसमोर बसली. मी होल्डर कॅमेऱ्यात घातला. झाकणपट्टीची पांढरी बाजू बाहेर होती, फिल्म कोरी.

"कॉलर नीट कर ना," ती म्हणाली. "मला दिसत नाही."

मी दोन पावलं पुढे गेले आणि थांबले. हात पाठीमागे बांधून घेतले.

"नको काढायला फोटो," मी म्हणाले. "तू जा. आत्ता जा."

"अगं, काय झालं?"

"प्रदर्शन लावत नाही मी. जा म्हणते ना, ताई."

तिने माझ्याकडे पाहिलं, बॅग उचलली आणि गेली. जिन्यावरचे तिचे पाय ऐकू येईनासे झाले, तेव्हा मी खाली बसले. पदवी गेली तर गेली. ताई वाचली होती.

दिवसभर मी तळघरातच होते. एकेक फोटो फाडून पाण्यात भिजवला. शेवटी कॅमेरा आवरायला घेतला आणि होल्डर बाहेर काढला.

झाकणपट्टीची काळी बाजू बाहेर होती.

मी बटण दाबलं नव्हतं. झाकणपट्टीला हात लावला नव्हता. डार्करूममध्ये जाऊन लाल दिव्यात ती फिल्म ट्रेमध्ये सोडली.

केस आले. मग मिटलेले डोळे. ताई स्टुलावर नव्हती, आडवी होती. डोक्याखाली माझ्या खोलीतली उशी होती.

दारावर टकटक झाली.

"मी आहे," ताईचा आवाज आला. "गाडी चुकली. आजच्या दिवस राहते तुझ्याकडे."

मी दार उघडलं. ती लाल दिव्यात आली, बॅग खाली ठेवली, आणि कॉलरची दोन बटणं सोडून गळा चोळू लागली.

"सकाळपासून घसा दुखतोय," ती म्हणाली. "बघ ना जरा."

मी तिच्याजवळ उभी होते. माझ्या हाताची पट्टी ट्रेच्या पाण्यात तरंगत होती. ती कधी सोडली, मला आठवेना.