नऊ किलोमीटरची खोली

निरंजन तोरसकरच्या प्रयोगशाळेत, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या बंगल्यातल्या त्याच्या वरच्या खोलीत, उकडलेल्या अंड्यांचा वास कोंडला होता. पडद्यावर एक हिरवी रेषा सावकाश वरखाली होत होती. त्याने बलक लागलेलं बोट थेट तिच्यावर टेकवलं.

"ही आपली आई."

शाल्मली मागे सरकली. त्याने बोट उचललं तरी आईवर पिवळा डाग राहिला.

दरीपलीकडच्या आईच्या घरापर्यंत बिनतारी इंटरनेट दोन वर्षांपूर्वी शाल्मलीनेच पोचवलं होतं. रेडिओलहरी हा तिचा विषय. सरळ रेषेत नऊ किलोमीटर, रस्त्याने दीड तास. दोन छपरांवर समोरासमोर दोन तबकड्या. आईला नातवंडं दिसावीत, एवढाच हेतू. त्याच दुव्यातून निरंजनने आता 'श्वासलेख' काढला होता. माणसाची छाती हलली की खोलीतली लहर किंचित बदलते. तो बदल मोजायचा. आईवडील गावी असलेल्या परदेशातल्या मुलांना हे विकायचं, आणि त्यासाठी यंत्र अचूक असल्याच्या प्रमाणपत्रावर बहिणीची सही हवी, म्हणून तिला पुण्याहून बोलावलं होतं.

"काल दुपारी दोन तास गाढ झोपली," तो म्हणाला. "परवा संध्याकाळी रडली बहुतेक. हे बघ, श्वास कसा तुटतोय. नमुना म्हणून हाच तुकडा दाखवणार आहे गिऱ्हाइकांना. काळजाला भिडतो."

"आईचं रडणं?"

"नाव नाही घालत तिचं."

"तिला सांगितलंयस?"

"सांगितलं तर. म्हटलं, आई, तू मला चोवीस तास दिसतेस. खूश झाली."

"बोललास कधी शेवटचं?"

"बोलायला कशाला हवं? दिसतंय ना. तुलाही रोज सकाळी पाठवतो की."

ते खरं होतं. रोज सकाळी रेषा यायची, शाल्मली दोन जोडलेले हात धाडायची आणि निश्चिंतपणे कामाला लागायची. तिला स्वतःचीही किळस आली.

निरंजनने आणखी एक अंडं तोंडात कोंबलं आणि कष्टाने गिळलं. रेषा क्षणभर अडखळली. शाल्मली खुर्चीत पुढे सरकली.

"वाटेत लहर उलगडून नव्याने बांधली जाते का रे?"

"नाही. तबकड्यांवर तुझेच वर्धक आहेत. आली तशी मोठी करून पुढे पाठवतात. म्हणून तर आईच्या श्वासाचा ठसा इथवर टिकतो."

"आणि इथल्या श्वासाचा?"

"इथल्या कसल्या?"

"लहरीला दरी कळत नाही, निरू. तिच्या लेखी आईची खोली आणि ही खोली मिळून एकच लांब खोली आहे. नऊ किलोमीटरची. तिच्यात छाती हलली एवढं लहर सांगते. कुणाची, ते नाही सांगत."

"त्याची सोय केलीय," तो हसला. "सगळ्यांत ठळक श्वास तेवढा निवडला जातो. आईची खाट राउटरला चिकटून आहे. तिचाच श्वास ठळक."

"ती खाटेवर असेल तर."

पुढच्या अंड्याकडे गेलेला त्याचा हात थांबला.

"श्वास रोख," ती म्हणाली. आपला श्वास मोजला जाऊ नये म्हणून खुर्ची मागे ढकलून ती दाराबाहेर जाऊन उभी राहिली.

"काय पोरखेळ लावलायस."

"रोख म्हणते ना."

त्याने गाल फुगवले. रेषा खाली आली आणि पडूनच राहिली. दहा मोजून झाले, वीस झाले. त्याचे कान लाल झाले. शेवटी त्याने भसकन श्वास सोडला, आणि रेषा टुणकन उठली.

"काल दुपारी कुठे होतास तू?"

"इथेच. दिवाणावर पडलो होतो."

"आणि परवा संध्याकाळी?"

"सिनेमा बघत होतो." त्याची नजर पडद्यावरच्या त्या तुटक तुकड्याकडे गेली. "विनोदी होता."

शाल्मलीने आईच्या शेजारच्या जयवंतीकाकीला फोन लावला आणि दोघांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"अगो, आता आठवण झाली तुमका?" काकी म्हणाली. "आठ दीस झाले. सकाळी न्हाणयेत पडली, माका सांजवेळी गावली. मांडी मोडली. तालुक्याच्या दवाखान्यात आसा."

"आम्हाला फोन का नाही केलात, काकी?"

"तिणा करूक दिल्यान नाय. बोंब तरी मारूची होतीस, म्हटलंय, मी धावत इल्लंय असतंय. तर म्हणता, कशाक? निरूक दिसतासा सगळा, तो येतलो. दिसभर वाट बघीत पडान रवली, बाय."

"आणि आता?" शाल्मलीने विचारलं.

"आता तुमचा नाव नाय काढणा. म्हणता, बघल्यान ना तेणा? बघून येवक नाय. मगे फोन कसलो करतास?"

फोन बंद झाला. निरंजन काहीतरी म्हणणार होता. त्याच्या ओठांच्या कोपऱ्याला बलक सुकला होता. शाल्मलीने प्रमाणपत्र उचललं, त्याच्या अंड्यांच्या बशीत ठेवलं आणि गाडीची किल्ली घेतली.

ती जिन्यात असतानाच दोघांचे फोन एकदम वाजले. श्वासलेखाची सूचना होती.

'आई अस्वस्थ आहे. श्वास मिनिटाला एकतीस.'