दुपारी दोनचा फोन

"पाच... सहा... सात... आठ... दहा! झालं, ताई. सोडा आता."

दवाखान्यातल्या हिरव्या पडद्यापलीकडून जाडाभरडा आवाज आला. केलेल्या लबाडीचा त्यात जराही संकोच नव्हता.

पडद्याअलीकडे जयमालाबाई भिंगारदिवे उताण्या पडून डाव्या पायाची टाच गादीवरून इंच इंच मागे ओढत होत्या. कळा मस्तकात जात होत्या, डोळ्यांत पाणी होतं... पण तेहेतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं. तोंडून निघून गेलंच...

"नऊ राहिला."

पडदा हलला. मग...

"कोन हाय पलीकडं?"

व्यायाम करून घेणाऱ्या जास्मिननं नुकताच त्यांचा गुडघा मोजला होता. वाकत होता सत्तर अंश. वाकायला हवा होता निदान नव्वद. तोच आकडा डोक्यात घोळत असल्यामुळे असेल, बाई पटकन म्हणाल्या,

"लघुकोन."

आणि मग पलीकडे असं हसू फुटलं, की लोखंडी खाट कुरकुरायला लागली. जास्मिन हसली. दाराशी बसलेली बाईंची कामवाली रतनबाईसुद्धा, कशाला ते न कळता, हसली. आणि बाईंच्या लक्षात आलं, ऑपरेशनला पाच आठवडे झाले. या पाच आठवड्यांत आपण आज पहिल्यांदा हसलो.

सत्त्याण्णव सालचा डिसेंबर होता. नगरची थंडी हाडांत शिरत होती. बाईंचा गुडघा पुण्याला बदलून झाला होता, टाके वाळले होते, आणि जो येई तो म्हणे, "छान झालं हो ऑपरेशन!" छानच झालं होतं. फक्त झोप गेली होती.

अंथरुणावर पाठ टेकली की सगळं अंग कान होऊन त्या गुडघ्याशी जाऊन बसे. आत बसवलेलं ते धातूचं काहीतरी सैल झालं तर? जिन्यात पाय घसरला तर? छाती धडधडायची, तळहात ओले व्हायचे. कूस बदलायची भीती, न बदलावी तर पाय आखडायची भीती. पहाटे दूधवाल्याच्या सायकलची घंटी वाजली की हायसं वाटायचं... सुटले एकदाची. रतनबाई चहा घेऊन आली की बाई म्हणायच्या, "झोप? लागली की. गाढ."

खरं सांगणार कसं? नवरा गेल्यावर अकरा वर्षं एकटीनं संसार ओढलेला, मुलगी भारतीला शिकवून नाशिकला दिलेली. सगळ्या सावेडीत नाव होतं, भिंगारदिवेबाई खंबीर आहेत म्हणून. खंबीर माणसानं "मला जिन्याची भीती वाटते" हे म्हणायचं कोणाला? घर पहिल्या मजल्यावर, अठरा पायऱ्या. एकदाही त्या एकट्या उतरल्या नव्हत्या. रतनबाईच्या खांद्याचा आधार घ्यायचा, मगच रिक्षा गाठायची.

व्यायाम संपवून त्या बाहेरच्या बाकावर उन्हात बसल्या. मागून काठी टेकत तो आवाज आला. उंच, सावळे, पांढऱ्या मिशा, तपकिरी स्वेटर.

"जय भीम, बाई. भीमराज घोडके. श्रीगोंद्याचा. तीस वर्सं साखर कारखान्यात रस आटवला. उजवा गुडगा."

"जयमाला भिंगारदिवे. डावा."

"म्हंजी जोडी जमली की!" ते म्हणून गेले, आणि मग एवढ्या थंडीत कानापर्यंत लाल झाले.

बाईंनी पदर सावरत समोरच्या लिंबाकडे पाहिलं. हसू लपवायला झाड बरं असतं.

मग घोडक्यांनी काठीच्या टोकानं जमिनीवर रेघ ओढली आणि हळूच विचारलं,

"तुमाला... झोप लागती का वो?"

"लागते की," बाई सवयीनं म्हणाल्या.

"मला न्हाई लागत." ते रेघेकडेच बघत होते. "कारखान्यात रात्रपाळी करून सकाळी आडवा झालो की भोंगा वाजला तरी कळायचं न्हाई. आन् आता... ह्यो पाय माजा न्हाईच, दुसऱ्याचा कुनाचा तरी सांबाळाया दिलाय, असं वाटतं. मोडला तर काय जबाब देऊ? छातीत निस्तं धडधड. पुतन्याला सांगितलं तर घाबरंल बिचारा. तुमाला का सांगतोय, कोन जाने."

बाईंच्या मनात आलं, एवढा थोरला माणूस, आणि किती सहज बोलून गेला...

"मी खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "मलाही नाही लागत. पाच आठवडे झाले."

आणि मग दोघांना बोलायला एवढं सुचलं, की रतनबाईनं थांबवलेला रिक्षावाला कंटाळून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून जास्मिनला सांगितलं. ती मुळीच चकित झाली नाही. "पुष्कळांना होतं असं," ती म्हणाली. "कोणी बोलत नाही एवढंच. डॉक्टरांच्या कानावर घालू या. पण दुपारची झोप बंद. चारनंतर चहा बंद. थोडं चालायचं. आणि मनातलं मनात ठेवायचं नाही."

"दुपारची झोप?" घोडके कळवळले. "अवो, तेवडीच तर लागती!"

"म्हणूनच रात्रीची लागत नाही," बाईंनी वर्गात सांगावं तसं सांगितलं.

"तुमी बी झोपता का दुपारच्याला?"

"...डुलकी लागते."

"मग आसं करू. तुमच्या घराजवळच्या चौकात एसटीडी बूथ हाय. मी ऱ्हातो त्या पुतन्याच्या घरापास्नं दोनशे पावलं. मी रोज दुपारी दोनला चालत तिथं येतो आन् तुमाला फोन लावतो. माजं चालनं हुईल, तुमची डुलकी मोडंल."

"आणि बोलायचं काय?"

"ते बी मीच ठरवू का? काईतरी तुमी करा की!"

बाईंचा फोन होता बाहेरच्या खोलीत, पलंगापासून चौदा पावलांवर. पहिल्या दिवशी त्या पोचेपर्यंत घंटी वाजून बंद पडली. दुसऱ्या दिवशी दोन वाजायला पाच मिनिटं असतानाच त्या खुर्चीवर जाऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी केस विंचरून.

"बाई, फोनवर कोन बगतंय तुमाला?" रतनबाईनं विचारलं.

"तू भांडी घास," बाई म्हणाल्या.

तीन मिनिटं झाली की बूथवाला काचेवर टकटक करायचा. त्या तीन मिनिटांत घोडके कारखान्यातल्या गमती सांगत, बाई शाळेतल्या. कधी घोडके नुसतेच धापा टाकत. बाई म्हणत, "आधी बसा. मी आहे इथे."

"काल किती झोप?"

"दोन तास. तुमची?"

"अडीच! जिंकलो!"

"झोपेत कसली आलीय शर्यत?"

"बरं, उद्या तुमी जिंका. मी जागा ऱ्हातो तुमच्यासाठी."

"नको हो," बाई म्हणाल्या, आणि आवाज आपोआप मऊ झाला, "तुम्ही झोपा."

काचेवर टकटक झाली तरी कोणी फोन ठेवीना.

गुडघा ऐंशीवर आला, मग नव्वदवर. झोप साडेतीन तासांवर, मग चारवर. भीती गेली नव्हती. पण छाती धडधडायला लागली, की बाई मनाशी म्हणत, हे उद्या दोन वाजता सांगायचं. आणि सांगायचं कसं याची जुळवाजुळव करता करताच कधीतरी डोळा लागे.

जानेवारीतल्या एका गुरुवारी दोन वाजले आणि फोन वाजला नाही.

सव्वादोन झाले. अडीच. बाईंनी फोन उचलून कानाला लावून पाहिला, चालू होता. रतनबाई लांबच्या गिरणीवरून दळण आणायला गेलेली. बूथ खिडकीतून दिसत नव्हता, मधे घरं होती. पावणेतीनला बाई उठल्या. काठी घेतली, दार उघडलं, आणि जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहिल्या.

अठरा पायऱ्या. विहिरीत डोकवावं तशा दिसल्या त्या. कठडा घट्ट धरला. 'पाय घसरला तर' हा विचार ठरल्यासारखा आलाच. पण त्याच्या पुढे आज दुसरा उभा होता... ते कुठे पडले असतील तर?

आधी काठी, मग डावा पाय, मग उजवा. पुन्हा काठी. खाली पोचल्या तेव्हा ब्लाउज घामानं भिजला होता, त्या थंडीत.

बूथपासून पन्नास पावलांवर, घोडक्यांच्या येण्याच्या वाटेवर, पिठाची गिरणी होती. लाइट नाही म्हणून आज बंद. तिच्या ओट्यावर घोडके बसले होते. काठी आडवी पडलेली, चेहरा राखेसारखा.

"पडलात?"

"न्हाई." आवाज कसाबसा निघाला. "एक स्कूटर लई जवळनं गेली. लागली न्हाई. पन तवापास्नं... छाती धडधडतीय, पाय उचलंना. बूथ दिसतोय हितनं. तुमी वाट बगत आसाल, ते बी कळतंय. पन पाय..." त्यांनी मान खाली घातली. "मला वाटलं हुतं, मी बरा झालो."

ही अवस्था बाईंना पाठ होती. "घाबरू नका" म्हणून काही होत नाही, हेही. त्या शेजारी टेकल्या.

"घोडके, एक सांगा. साखर होते कशी? रसाची एकदम साखर कशी होते?"

"आं? आता?"

"आत्ताच. मला माहीत नाही."

घोडक्यांनी एकदा बाईंकडे पाहिलं. मग अडखळत सुरुवात केली. रस तापवायचा... दाट करायचा... काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन उजेडात धरायचा. "आधी निस्ता पाक दिसतो. मग बारीक चमक... दाना पडतो. लई नाजूक येळ ती. घाई केली तर सगळं बिगडतं. थांबावं लागतं. मी तीस वर्सं थांबत आलो." बोलता बोलता चेहऱ्यावर रंग आला. मग त्यांचं लक्ष बाईंच्या चपलांकडे गेलं, आणि तिथून मागे रस्त्याकडे.

"रतनबाई कुटंय?"

"दळणाला."

"मग जिना?"

"उतरले."

"एकट्या?"

"तुमचा फोन आला नाही," बाई म्हणाल्या. एवढंच.

ओट्याशेजारच्या लिंबाच्या फांद्यांमधून ऊन खाली येत होतं. घोडक्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "पुतन्या म्हनतोय, गुडगा बरा झाला, आता श्रीगोंद्याला चला. बायकू जाऊन सात वर्सं झाली, तिथल्या घरात एकटाच आसतो मी. आन् बरा झालो तर... दुपारी दोनला करायचं काय?"

"रविवारी भारती येतेय, मला नाशिकला न्यायला. कायमचं."

"मग? काय सांगनार तिला?"

"तुम्ही काही विचारल्याशिवाय मी काय सांगू? जन्मभर साखर केलीत, घोडके... एक गोड वाक्य जमत नाही?"

घोडक्यांनी काठी उचलली, स्वेटर खाली ओढला, घसा साफ केला.

"बाई... माज्याशी लगीन करता का?"

ऐकायचं होतं तेच ऐकलं, तरी बाई अठ्ठावन्नाव्या वर्षी सोळाची पोर लाजावी तशा लाजल्या. "विचार करून सांगते," म्हणाल्या. चार पावलं गेल्या आणि वळल्या. "केला. हो."

भारतीला पटवणं एवढं सोपं नव्हतं. रविवारी ती आली ती कपाळाला आठ्या घेऊनच. तिनं घोडक्यांना समोर बसवून चहा दिला आणि तडक विचारलं, "काका, आईला रात्र रात्र झोप नव्हती, हे मला काल फोनवर रतनमावशीनं सांगितलं. मला, तिच्या मुलीला! तिला किती भीती वाटते, तुम्हाला माहीत आहे का? सांभाळाल?"

"सांबाळतो असं कसं सांगू, पोरी? मलाच भ्या वाटतं," घोडके म्हणाले. "पन एक हाय. दोगांना एकाच येळेला वाटत न्हाई. तिला वाटतं तवा मी जागा आसतो, मला वाटतं तवा ती."

भारती आईकडे बघत राहिली. आई चहाच्या कपात बघत होती, पण गालावर एक खळी होती. भारतीनं ती कित्येक वर्षांत पाहिलेली नव्हती. आठ्या हळूहळू विरल्या. "आई," ती म्हणाली, "मला का नाही सांगितलंस गं?" आणि आईच्या कुशीत शिरून आधी रडली, मग हसली.

फेब्रुवारीत विहारात लग्न झालं. पाहुणे सतरंजीवर मांडी घालून बसलेले, आणि बुद्धमूर्तीसमोर पांढऱ्या कपड्यांतले नवरा-नवरी दोन लाकडी खुर्च्यांवर! एकाचा उजवा पाय पुढे, एकीचा डावा. मेणबत्त्या लागल्या, त्रिशरण-पंचशील झालं. बोधाचार्य म्हणाले, "आता उभे राहा, आणि हार घाला."

दोघांनी खुर्चीच्या हातांवर भार दिला. भारती धावणार होती, पण जास्मिननं तिचा हात धरला. एक हात खुर्चीवर, एक हात एकमेकांच्या हातात, असे ते दोघं उठले... सावकाश, पण सरळ.

हार उचलताना घोडक्यांनी अगदी हळू विचारलं, "भ्या वाटतंय?"

"वाटतंय," जयमालाबाई म्हणाल्या.

"मला बी."

आणि बाईंनी मान पुढे केली. वरून फुलांचा एवढा वर्षाव झाला, की दोघांना काही क्षण एकमेकांशिवाय दुसरं काही दिसेना.