अपूर्ण नाव, पुन्हा बोला

जीपमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या माणसाच्या मांडीवर पोह्यांचं भलं मोठं पातेलं होतं. अंबडहून घनसावंगीकडे निघालो होतो आणि उसाच्या गाड्यांमुळे जीप सारखी थांबत होती. प्रत्येक धक्क्याला झाकण माझ्या कोपराला लागायचं आणि तो म्हणायचा, "माफ करा हां..."

"एवढे पोहे कुणासाठी?" मी विचारलं.

"शेतकऱ्यांची बैठक हाय. बियाण्याच्या कंपनीत हाय मी. पोहे सरतेत, पण बिल मंजूर होत न्हाई!" तो हसला. "जालन्याच्या हापिसात कुण्या दीडशहाण्यानं अ‍ॅप काढलंय. बैठकीला आलेल्या प्रत्येकानं फोनमध्ये आपल्या आवाजात पूर्ण नाव सांगायचं. एक हजेरी अर्धी राह्यली की बिल वापस."

मी खिडकीबाहेर बघायला लागले. ती दीडशहाणी मीच होते.

पूर्वी काही जण कागदावर खोटी नावं लिहून चहापाण्याची बिलं लावायचे, म्हणून हे नियम मी बसवले होते. आवाज ज्याचा त्याचा, नाव पूर्ण, आणि एकदा झालेली नोंद कुणालाही पुसता येणार नाही. काय मिरवलं होतं मी ते अ‍ॅप! आता अंगद नावाच्या एकाची तीन बिलं परत आली म्हणून साहेबांनी मला तपासायला धाडलं होतं. चौथं परत आलं की त्याची नोकरी जाणार होती.

"तुमचं नाव अंगद का?"

"हो... तुमाला कसं ठाऊक?"

"मी तृप्ती. जालन्याच्या ऑफिसातली."

त्याचा चेहरा उतरला. पण त्यानं पातेलं आपल्याकडे ओढून मला जागा करून दिली. "मंग नीट बसा मॅडम. पोहे खाऊनच जा."

बैठक गावातल्या शेतकरी चांगुणाबाईंच्या अंगणात होती. पुरुषांनी पटापट नावं सांगितली. मग फोन चांगुणाबाईंपुढे आला. साठीच्या बाई, कपाळ मोकळं, हाताला कापसाच्या बोंडांचे ओरखडे.

"चांगुणाबाई..." त्या थांबल्या.

"अपूर्ण नाव. पुन्हा बोला," फोन म्हणाला.

"चांगुणाबाई..."

"अपूर्ण नाव. पुन्हा बोला."

त्यांनी पदर तोंडाला लावला आणि माझ्याकडे वळल्या. "लेकी, मालक होते तवा उखाण्यात घेतलं तेवढंच त्यांचं नाव. आता ते न्हाईत. मंग मशीनपुढं कसं घेऊ गं?"

फोन तिसऱ्यांदा तेच बोलला. तो आवाज मीच निवडला होता, ऐकायला गोड वाटावा म्हणून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अंगदनं फोन बंद केला. "राहू द्या, मावशी. पोहे खा, निवून राह्यले."

"अहो, नोकरी जाईल तुमची," मी हळूच म्हटलं.

"बायांची नावं गाळली तर बिल आजच मंजूर होईल, मॅडम. पण सरकी लावायची यांनी, कापूस वेचायचा यांनी... अन् हजेरीत ह्याच न्हाईत? मला न्हाई जमत ते."

त्याच घडीला तो मला आवडला. खोटं कशाला बोलू? जालन्याला परत येईपर्यंत डोळ्यांपुढून हलला नाही.

दुसऱ्या दिवशी मी अहवालात लिहिलं, चूक अंगदची नाही, माझी आहे. साहेबांनी सगळ्यांसमोर झाडलं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि नियम बदलून घेतला. बाई स्वतःचं जे नाव सांगेल, तेच तिचं पूर्ण नाव. अंगदची चारही बिलं सुटली, नोकरी वाचली.

मग दर गुरुवारी बैठक आटोपली की त्याचा फोन यायला लागला. आज कोण कोण आल्तं ते सांगायचा.

"नावं तर अ‍ॅपमध्ये येतातच की. फोन कशाला?"

"मशीनला काय कळतं, कोण हसलं अन् कोण गप बसलं ते..."

पुढचं काही कुणी बोलेना, आणि असे दोन महिने गेले. मग एक दिवस तो म्हणाला, "माझी बदली झाली. हसनाबादकडं. गुरुवारी इथली शेवटची बैठक." बस्स, एवढंच.

गुरुवारी मी सुट्टी टाकली आणि जीप पकडली.

मला अंगणात बघून त्याच्या हातातला झारा थांबला. बाया एकेक करून नाव सांगत होत्या. "चांगुणा!" मावशी खणखणीत बोलल्या आणि फोन म्हणाला, "नोंद झाली." मग त्यांनी तो माझ्यापुढे धरला. "तू बी आलीस ना पोरी? मंग सांग."

आता अ‍ॅप कुणाचंच दुसरं नाव मागत नव्हतं. माझं एकटीचं नाव पुरलं असतं. मी फोन तोंडाशी नेला.

"काळ्या रानात पांढरा कापूस, वेचायला आल्या बाया...
अंगदरावांचं नाव घेते, असू द्या तुमची माया."

"नोंद झाली," फोन म्हणाला.

"अगं बाई!" मावशींनी हनुवटीला हात लावला. "लगीन कवा झालं गं?"

अंगद जवळ आला. डोळे भरलेले. "मॅडम... हे पुसता येत न्हाई, ठाऊक हाय ना?"

"ठाऊक आहे," मी म्हणाले. "तो नियम माझाच आहे."