प्रेमिलाच्या आठ ओळी

नागपूरजवळच्या हिंगण्याच्या त्या कारखान्यात १९८९च्या मे महिन्यात गार खोली एकच होती — कॉम्प्युटरची. चपला दाराबाहेर काढायच्या, मगच आत. त्या दुपारी प्रेमिला जेवून परतली, तर दाराशी अनोळखी बूट आणि तिच्या खुर्चीत अनोळखी पाठ!

"माह्या खुर्चीत कोण बसून राहिलं जी?"

पाठ वळली. ताराचंद, कॉम्प्युटर कंपनीचा इंजिनिअर, मूळचा मौद्याचा. मिशी नवी, आत्मविश्वास गरजेपेक्षा थोडा जास्त.

"नवी सिस्टीम टाकून दिली मॅडम. आता मशीन कशी पळते पाहा!"

मशीन पळत असेल; पण पडद्यावरच्या आठ हिरव्या ओळी गायब होत्या. एक दाबलं की आवक, दोन दाबलं की जावक... स्टोअरचा सारा कारभार प्रेमिला त्या आकड्यांवर चालवायची. ओळी बसवून देणारा माणूस केव्हाच दुबईला गेला होता. आता काळ्या पडद्यावर नुसती एक रेघ लुकलुकत होती.

"साठ्याची माहिती शाबूत आहे," ताराचंद चाचरला. "फक्त... ती यादी पुसल्या गेली. मले वाटलं, जुनं कोणाले लागते?"

"मले लागते!"

स्टोअरचे साहेब मनोहरराव दारातूनच म्हणाले, "प्रेमिलाबाई, शनिवारी साठ्याचा कागद नाही निघाला, तर पुण्याहून ऑपरेटर येते. तुम्ही मग परत गेटपासवर."

गेटपासची खोली पत्र्याची. तिथं तिने तीन उन्हाळे काढले होते.

ताराचंद उठला. "बसा इथं. डोळे मिटा."

"काहून?"

"कालचं एकेक काम सांगत करा. बोटांनीच. कोणत्या कामाले कोणता आकडा, ते बोटांले पाठ असते. मी लिहून घेतो."

बोटं चालू लागली — पाच, दोन, पुन्हा पाच, सात... एकदाही अडखळली नाहीत. तो लिहीत होता. किती वेळ आकड्यांकडे पाहिलं आणि किती वेळ तिच्याकडे, याचा पुरावा कागदावरच होता: मधल्या दोन ओळी कोऱ्या.

"लिहून राहिले ना?"

"हो... म्हणजे — पुन्हा एकदा करा."

शुक्रवारी आठही ओळी परतल्या. दुसऱ्या एखाद्याने मुद्दाम एक ओळ कच्ची ठेवून पुढचं बोलावणं पक्कं केलं असतं. या पठ्ठ्याने तिलाच शिकवलं — ओळ कशी बसवायची, पुसली तर परत कशी आणायची.

"समदं शिकवलं, तर मग तुम्हाले कोण बोलावते?"

"तीच तर... पंचाईत आहे." तो बॅगेच्या पट्ट्याशी खेळत राहिला. "पण तुमची खुर्ची आता कोणी हलवत नाही."

शनिवारी कागद निघाला. पुण्याचा ऑपरेटर पुण्यातच राहिला.

मंगळवारी ताराचंदच्या ऑफिसात फोन — मशीन अडली, लवकर या. तो घामाघूम होऊन पोचला. पडद्यावर आठही ओळी ठणठणीत. खाली नववी.

"ही... कोणी टाकली?"

"मी. चालते का, पाहा ना."

त्याने नऊ दाबलं. रोमन अक्षरांत मराठी उमटलं — माह्या आईले भेटाले केव्हा येता?

उत्तर टाइप करायला तिने जागाच ठेवली नव्हती. ते त्याला तिच्याकडे वळून, तोंडानंच द्यावं लागलं.

"रविवारी," तो म्हणाला. "मायले घेऊनच येतो."