पाचवा पाय

माझ्या सुईच्या टोकावर तो पाय होता, आणि तेवढ्यात दार धाडकन उघडलं. वाऱ्याचा झोत आला, आणि पाय गेला!

“हललात तर बघा!” मी किंचाळले. “पाय पडलाय इथे!”

दारातला माणूस जागच्या जागी थिजला. “कुणाचा?”

“कोपेपॉडचा! पाचवा!”

कोपेपॉड म्हणजे समुद्रातला कवचवाला जीव, तिळाहूनही लहान. त्याचे पाय, मिशा, शेपटी सुईने सोडवायच्या, दुसऱ्यांशी ताडून बघायच्या आणि हा कोण ते ठरवायचं, हे माझं काम. नराचा पाचवा पाय तर जातीजातीत वेगळा. तीन वर्षं डोळे फोडल्यावर मला एक अगदी नवीन जात सापडली होती, आणि हा शहाणा दार आपटत आला!

तो मुकाट्याने गुडघ्यांवर बसला. भिंग घेऊन अर्धा तास फरशीवर रांगत होता... धुळीच्या कणाएवढा पाय शोधत!

“राहू द्या हो,” शेवटी मलाच हसू फुटलं. “असे सहा नर आहेत माझ्याकडे.”

“आधी नाही सांगायचं?”

“तुमची जिरवायची होती.”

तो बंदरावरच्या प्रयोगशाळेतून महिन्याभरासाठी आला होता. त्यालाही नवी जात सापडली होती. आमचे सूक्ष्मदर्शक शेजारी शेजारी.

“तुमच्या बाटलीत सगळ्या बायकाच?” मी एकदा चिडवलं.

“आणि तुमच्याकडे नुसते पुरुष. नशीब एकेकाचं!”

मी इतकी हसले की हातातली काच कच्चकन फुटली. तिसऱ्या आठवड्यात ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, कळलंच नाही. आई फोनवर म्हणाली, “आजकाल किड्यांबद्दल बोलताना फारच लाजतेस गं!”

माझे नर लाटांवरचे, त्याच्या माद्या तळाच्या गाळातल्या. त्यामुळे पुढचं आमच्या ध्यानीमनीही नव्हतं.

शेवटच्या दिवशी त्याचा लेख संध्याकाळी छापायला जायचा होता, माझा पुढच्या आठवड्यात. “ही शेवटची बाटली बघतेस का? चहा आणतो,” म्हणून तो गेला. मी बशीत थेंब टाकला, डोळा लावला... आणि भिंग फिरवून पुन्हा पुन्हा बघितलं.

त्याची मादी. आणि तिची शेपटी आपल्या वाकड्या मिशीत घट्ट धरून बसलेला... माझा नर! तोच पाचवा पाय, त्याच्या टोकाला तीच नांगी. दोन जाती नव्हत्याच. एकच होती!

आमच्या धंद्यात ज्याच्या लेखाची तारीख आधी, त्याने जातीला दिलेलंच नाव टिकतं. म्हणजे आज त्याचा लेख गेला की माझी तीन वर्षं पाण्यात. सुई हातातच होती. जरासं टोचलं की जोडी सुटणार, आणि कुणाला पत्ताही लागणार नाही...

छे! ही दोघं औषधाच्या पाण्यात बुडतानाही सुटली नव्हती, आणि मी सोडवू?

तो चहा घेऊन आला. “बघ,” म्हणत मी बाजूला सरकले.

त्याने कप टेबलावर ठेवून डोळा लावला. मग “अगं, जोडी आहे ही!” म्हणून त्याने टेबलावर अशी थाप मारली की अर्धा चहा सांडला.

“कर मजा,” मी म्हणाले. माझा आवाज रडका झाला होता. “तुझा लेख आज जातोय.”

“आज काही जात नाही. दोघांचा मिळून पाठवू. आधी तुझं नाव.”

“वेडा आहेस का?”

“नर तुला आधी सापडलेत. पण... एका बाबतीत माझी तारीख आधीची आहे हं.”

त्याने आपली नोंदवही पुढे सरकवली. महिन्यापूर्वीचं, तो आला त्या दिवसाचं पान. बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘पाय सापडला नाही. ती सापडली. खात्री आहे.’

मी चार वेळा वाचलं. कान तापले होते, आणि तो चहाच्या डागाकडे बघत होता, गाढव!

मग, नमुना तपासून झाल्यावर आम्ही लिहितो तसं, मी त्याखाली लिहिलं: ‘पडताळलं. बरोबर आहे.’ सही केली, तारीख घातली.

तो वाकून बघायला लागला. “अगं, ही तर पहिल्या दिवसाची तारीख. चुकलीस तू.”

“नाही चुकले,” मी म्हणाले.