दिव्यात थांबलेला पंखा

धडक झाली ती प्रयोगशाळेच्या दारातच. त्याच्या हातात जहाजाला पाण्यात पुढे ढकलणाऱ्या पंख्याचं पितळी मॉडेल, तिच्या हातात कॅमेरा. दोघांनीही आपापली वस्तू छातीशी धरली, आणि सॉरी म्हणायचं राहूनच गेलं.

"काही फुटलं का?" त्याने विचारलं.

"माझं नाही. तुमचं?"

"अजून कळलं नाही..." तो हसला. अस्सा हसला की बस्स!

तो गोदीचा डिझायनर, ती चाचण्या घेणारी. चार महिने काम चाललं. जाड काचेमागे पाणी वेगाने वाहायचं, पंखा गरगरायचा आणि पात्यांवरचा दाब इतका घसरायचा, की गार पाणीही उकळून बुडबुडे सुटायचे. पंख्याच्या तालावर लुकलुकणारा दिवा लावला, की पंखा जागीच थांबलेला दिसायचा, पात्यावर बुडबुड्यांचा पांढरा पदर शांत पसरलेला. बघता बघता दोघांची डोकी जवळ यायची. "तू पंखा बघ, मी तुला बघतो," म्हणायचा मेला. ती लाजून चूर!

मग तिने वेगवान कॅमेरा लावला. पदर शांत कुठला? क्षणाक्षणाला फाटत होता, पात्यावर आपटत होता. अशा माराने धातूची चाळण होते, अख्खं जहाज हादरतं.

त्याचा चेहरा उतरला. "रिपोर्टला दिव्यातले फोटो तेवढे लाव ना. माझी बढती अडकलीय यात."

"आणि ही फिल्म?"

"राहू दे आपल्या दोघांत..."

"जहाजावर माणसं असतील रे!"

"लग्नानंतरही अशीच हटून बसणार का?"

लग्न! चार महिने ती या शब्दाची वाट बघत होती, आणि आला तो असा—लाच म्हणून. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याहून जास्त वाईट वाटलं. तिने फिल्म जोडली, 'नापास' लिहिलं, सही केली. तो मॉडेल उचलून निघून गेला.

दीड महिन्याने नवा पंखा घेऊन आला. पात्यांचा आकार बदललेला. वेगवान कॅमेऱ्यातही बुडबुडे जेमतेम. पास! आता तरी हा भांडेल, रुसेल, निदान टोमणा मारेल, असं तिला वाटलं.

"तुमचंच बरोबर होतं, मॅडम," त्याने रिपोर्ट उचलला.

"अरे, थांब ना—"

"गोदीवर वाट बघताहेत."

दार लागलं. बरोबर होती ती, शंभर टक्के बरोबर होती.

घरी ताईने हळूच विचारलं, "आज येणार होता ना तो? काय म्हणाला?"

"पंखा पास झाला गं, ताई," ती म्हणाली, आणि तिला रडूच कोसळलं.